‘राइश’, ‘रिच’ आणि आपला राजा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत तीन आठवड्यांपूर्वी युरोपीय भाषांमधल्या ‘संस्कृत शब्दां’वर एक लेख प्रसिद्ध झाला होता. त्यात दोन विधाने ठामपणे केलेली होती. जर्मन भाषेतला ‘राइश’, म्हणजे राज्य, हा शब्द जर्मनांनी संस्कृत ‘राज्य’ शब्दावरून उचलला, हे पहिले. आणि इंग्रजीतला ‘रिच’, म्हणजे श्रीमंत, हा ‘ऋद्धी’ शब्दाचा अपभ्रंश आहे, हे दुसरे. त्या लेखाचे कात्रण आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या फलकावर आजही टाचलेले आहे आणि परवा एक आठवीतली मुलगी ते वहीत उतरवून घेताना मी पाहिली. साताऱ्याच्या एका हायस्कुलात बत्तीस वर्षे इंग्रजी आणि संस्कृत शिकवल्यामुळे मला ते पाहून गप्प बसवले नाही. यातले दुसरे विधान सपशेल चूक आहे. पहिले विधान मात्र खऱ्याच्या इतके जवळ जाऊन चुकले आहे की त्याची नीट उकल करणे मला आवश्यक वाटते, कारण खरी हकीकत लेखातल्या हकीकतीपेक्षा कितीतरी अधिक मोलाची आहे.

याच सुमारास आमच्या शेजारची परिचारिका झालेली मुलगी, जी जर्मनीत नोकरीसाठी जायचे म्हणून जर्मनच्या वर्गाला जाते, पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. पुस्तकात एका पानावर ‘राइश’ हे विशेषण होते, अर्थ श्रीमंत. आणि पुढच्या धड्यातल्या नकाशावर ऑस्ट्रिया देशाचे नाव ‘ओस्टरराइश’ आणि फ्रान्सचे ‘फ्रांकराइश’ असे छापलेले होते. तिने पेन्सिलीने तिन्ही ठिकाणी खूण केली होती आणि तिचा प्रश्न सरळ होता : “काका, श्रीमंत आणि राज्य, दोन्हीला एकच शब्द कसा?” तिला दिलेले उत्तरच थोडे विस्ताराने येथे लिहितो.

नाते आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच, कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या, मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असे मांडले आणि त्याच भाषणात गॉथिक व केल्टिक भाषांचा उगमही तोच असावा, असे म्हटले. ‘गॉथिक’ म्हणजे ज्यांना आपण आज जर्मानिक म्हणतो त्या भाषा : इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश इत्यादी. ‘केल्टिक’ म्हणजे आयरिश, वेल्श, ब्रेटन आणि ज्युलियस सीझरच्या काळी आजच्या फ्रान्समध्ये बोलली जाणारी, पुढे लुप्त झालेली गॉलिश. या सगळ्या भाषा आपल्या संस्कृतच्या बहिणी आहेत, मुली नव्हेत. लेखकाचा घोटाळा येथूनच सुरू होतो. थोरल्या बहिणीकडे जो दागिना आहे तसाच धाकटीकडे दिसला, तर तो थोरलीकडून मागून आणला असे ठरत नाही. दोघींनाही तो आईकडून मिळालेला असू शकतो. पण ‘राइश’च्या बाबतीत हेही पुरेसे नाही. तो शब्द जर्मानिक भाषांना आईकडूनही मिळालेला नाही आणि संस्कृतकडूनही नाही. तो त्यांनी शेजारच्या बहिणीकडून, केल्टिककडून, घेतला. हे कशावरून, तर एका दीर्घ स्वरावरून.

आपल्या ‘राजन्’ शब्दाचे लॅटिन भावंड ‘रेक्स’ आहे, ज्यातला ‘ए’ दीर्घ आहे. मूळ भाषेत हा दीर्घ ‘ए’च होता. संस्कृतमध्ये मूळचे दीर्घ ए, ओ आणि आ हे तिन्ही एकच ‘आ’ झाले, म्हणून आपल्याकडे ‘राजा’. लॅटिनमध्ये ‘ए’ तसाच राहिला. केल्टिक भाषांनी मात्र तो दीर्घ ‘ई’ केला, आणि तो एका शब्दात नव्हे, तर शब्दामागून शब्दात. महिन्यासाठी संस्कृतमध्ये ‘मास’, लॅटिनमध्ये ‘मेन्सिस’, तर आयरिशमध्ये ‘मी’. खऱ्यासाठी लॅटिनमध्ये ‘वेरुस’, तर आयरिशमध्ये ‘फीर’. आणि राजासाठी लॅटिनमध्ये ‘रेक्स’, तर आयरिशमध्ये ‘री’. आयरिश लोक आजही राजाला ‘री’ म्हणतात.

जर्मानिक भाषांमध्ये हा बदल झालाच नाही. तिथे जुना ‘ए’ प्रथम तसाच टिकला आणि पुढे पश्चिमेकडच्या भाषांत ‘आ’कडे सरकला, त्याच ‘वेरुस’चे जर्मन भावंड ‘वार’ आहे. याचा उत्तम पुरावा प्रत्यक्ष गॉथिक या एका जुन्या जर्मानिक भाषेत मिळतो (जोन्स यांनी सबंध कुळासाठी वापरलेले नाव येथे एकाच भाषेचे आहे). वुल्फिला नावाच्या धर्मगुरूने चौथ्या शतकात बायबल गॉथिक भाषेत आणले. त्याची सहाव्या शतकातली एक प्रत, जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली, स्वीडनमधल्या उप्साला येथे जपून ठेवलेली आहे. त्या प्रतीत चंद्रासाठी ‘मेना’ हा शब्द आहे, ज्यात जुना ‘ए’ जसाच्या तसा दिसतो. आणि त्याच प्रतीत अधिपतीसाठी शब्द आहे ‘रीक्स’. हा शब्द घरचा असता, तर ‘मेना’प्रमाणे तोही ‘रेक्स’ व्हायला हवा होता. रोमनांकडून घेतलेला असता, तरी ‘रेक्स’च दिसला असता. जुन्या इंग्रजीत आणि जुन्या जर्मनमध्येही हाच दीर्घ ‘ई’ सापडतो. त्या काळच्या शेजाऱ्यांमध्ये ‘ए’चा ‘ई’ करणारे लोक एकच होते, ते म्हणजे केल्ट. एवढ्या एका मात्रेवर हा निर्णय उभा आहे आणि दीडशेहून अधिक वर्षांच्या तपासणीत तो ढळलेला नाही, ही गोष्ट मला भाषाशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते.

शब्द केव्हा घेतला, हेही त्याच शब्दात लिहून ठेवलेले आहे. केल्टिक शब्दाचे मूळ अंग ‘रीग्’ असे आहे, जर्मानिकमध्ये ते ‘रीक्’ झाले. ‘ग’चा ‘क’ होणे हा जर्मानिक भाषांचा ठरलेला नियम आहे. डेन्मार्कच्या रास्क यांनी १८१८ साली आणि जर्मनीच्या याकोप ग्रिम यांनी १८२२ साली तो मांडला. बैलांच्या मानेवर आपण जे ‘जू’ ठेवतो तो शब्द संस्कृत ‘युग’ शब्दावरून आला. लॅटिनमध्ये तो ‘युगुम्’ आणि इंग्रजीत ‘योक’. तिथेही ‘ग’चा ‘क’ झाला. आपल्या ‘ज’च्या समोर इंग्रजीत ‘क’ येतो तोही याच नियमाने : ‘जानु’ म्हणजे गुडघा, त्याचे इंग्रजी भावंड ‘नी’, ज्यातला न उच्चारला जाणारा ‘के’ पूर्वी उच्चारला जात असे, ‘जन’ शब्दाचे भावंड ‘किन’. अर्थात ‘रीग्’ हा शब्द जर्मानिक लोकांकडे हा बदल होण्याआधीच पोहोचलेला होता, म्हणूनच तोही त्या बदलात सापडला. हा व्यवहार ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातला आहे. त्या काळी संस्कृत ‘राज्य’ हा शब्द सिंधू-गंगेच्या प्रदेशातून उत्तर जर्मनीत नेणारे कोणी नव्हते, आणि नेला असता तरी त्यात ‘ई’ आलाच नसता.

ज्यांच्याकडून तो घेतला त्या केल्टांचा ‘रीक्स’ आपल्याला इतिहासातही भेटतो. गॉल देशातल्या टोळ्यांना एकत्र करून सीझरशी झुंजणाऱ्या आणि ख्रिस्तपूर्व ५२ मध्ये अलेसिया येथे वेढ्यात सापडून शरण गेलेल्या सेनापतीचे नाव व्हेर्किंगेटोरिक्स असे होते. त्याच्या नावाचे तीन तुकडे पडतात : ‘व्हेर’ म्हणजे वरचा, श्रेष्ठ, ‘किंगेटो’ म्हणजे चाल करून जाणारा, योद्धा, आणि ‘रिक्स’ म्हणजे राजा. यातल्या ‘व्हेर’चे संस्कृत भावंड ‘उपरि’ आहे, कारण केल्टिक भाषांमध्ये जुना ‘प’ गळून गेला. म्हणजे आपल्या ‘वर’ शब्दाच्या आणि आपल्या ‘राजा’ शब्दाच्या चुलतभावांनी त्या वीराचे नाव घडले आहे. त्याच्या नावाची काही सोन्याची नाणी उपलब्ध आहेत आणि त्यांवर हे नाव रोमन अक्षरांत स्पष्ट उठलेले आहे. सीझरच्या वृत्तांतात डुम्नोरिक्स, ऑर्गेटोरिक्स, अँबिओरिक्स अशीही नावे येतात. शेवटी तोच ‘रिक्स’, जसा आपल्या नावांमागे ‘राव’ किंवा ‘राजे’ येतो तसा.

राणीचा शब्द तर अधिकच बोलका आहे. जुन्या आयरिशमध्ये राणीला ‘रीगन’ म्हणत, जो अक्षरशः आपल्या ‘राज्ञी’चा जोड आहे, आणि ‘राज्ञी’पासूनच आपली ‘राणी’ झाली. वेल्श भाषेत तोच शब्द ‘रिआइन’ असा टिकला, पण त्याचा अर्थ आता कुमारिका, तरुण मुलगी असा झालेला आहे. आपल्याकडे घराघरांत लेकीला ‘राणी’ म्हणून हाक मारतात. वेल्श लोकांच्या तोंडी तसाच काहीसा प्रवास त्या शब्दाने केला असावा, असे मला वाटते. जुन्या आयरिशमध्ये राजपदाला ‘रीगे’ असा शब्द होता. संस्कृत ‘राज्य’ शब्दाशी मिळताजुळता शब्द शोधायचाच असेल, तर तो प्रथम येथे शोधला पाहिजे. ‘राइश’ हा ‘राज्य’चा नातेवाईक आहे, यात शंका नाही, पण ते नाते आयर्लंड आणि गॉलच्या घरातून जाते.

आता प्रश्न असा येतो की जर्मानिक लोकांनी राजासाठी शब्द उसना का घ्यावा? त्यांच्याकडे स्वतःचे शब्द होतेच. इंग्रजी ‘किंग’ आणि जर्मन ‘क्योनिश’ हे घरचे शब्द आहेत. ते ‘किन’, म्हणजे कुळ, या शब्दापासून झाले आणि म्हणून ‘जन’ शब्दाच्या कुळातले आहेत. उसने घेण्याचे कारण सत्ता. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या आसपास मध्य युरोपात केल्ट प्रबळ होते, त्यांच्याकडे लोखंडाची विद्या होती, गढ्या होत्या, सरदार आणि त्यांचे आश्रित होते. लोखंडाचा इंग्रजी शब्द ‘आयर्न’ आणि जर्मन ‘आयझेन’ हेदेखील केल्टिकमधूनच आलेले मानले जातात. आयरिश ‘इअरन’शी त्यांचे साम्य सहज दिसते. जर्मन भाषेत सरकारी कचेरीला ‘आम्ट’ म्हणतात. तो शब्द केल्टिक ‘अंबाक्टोस’पासून आला, सरदाराच्या भोवती वावरणारा, त्याच्या पदरी असलेला माणूस, असा त्याचा मूळ अर्थ आणि सीझरनेही गॉलमधल्या अशा पदरच्या माणसांचा उल्लेख याच शब्दाने केलेला आहे. लोखंड, चाकरी आणि राजा : शब्द कोणत्या वाटेने आले ते या तीन शब्दांतच दिसते.

साताऱ्याच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. ‘सरकार’, ‘फौजदार’, ‘मामलेदार’, ‘कारकून’, ‘जिल्हा’, ‘तहसील’ हे शब्द आपण फार्सी-अरबीतून घेतले, कारण काही शतके दरबाराची भाषा ती होती. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवछत्रपतींनी मंत्र्यांची पदनामे बदलून संस्कृत केली : मुजुमदाराचे अमात्य झाले, सुरनिसांचे सचिव, डबिरांचे सुमंत, सरनोबतांचे सेनापती आणि पेशव्यांचे मुख्य प्रधान. राज्यकारभारातल्या यावनी शब्दांना पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ही त्याच काळातला. तरीही १७०८ साली शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक ज्या साताऱ्यात झाला, त्या साताऱ्यातून नेमले गेलेले प्रधान लोकांच्या तोंडी ‘पेशवे’च राहिले. छत्रपती हा शब्द संस्कृत, पेशवा हा फार्सी, आणि दोन्ही आज शंभर टक्के मराठी. जर्मानिक लोकांचा ‘रीक्स’ हा अशाच अर्थाने त्यांचा झाला. तो उसना होता असे म्हटल्याने त्यांना कमीपणा येत नाही. पेशवा फार्सी म्हटल्याने आपल्याला येतो का?

घेतलेला शब्द त्यांनी मग मनसोक्त वापरला. ४१० साली रोम लुटणारा अलारिक, म्हणजे सर्वांचा अधिपती, फ्रीडरिश, शांततेचा अधिपती, हाइनरिश, घराचा, रिचर्ड या नावाची सुरुवातही त्यातूनच. स्वीडनचे स्वतःचे नाव ‘स्वेरिये’ हे ‘स्वेआ-रीके’, म्हणजे स्वेआ लोकांचे राज्य, याचे आटलेले रूप आहे. ऑस्ट्रियाचे नाव ९९६ सालच्या एका दानपत्रात ‘ओस्टारीखी’ असे प्रथम आढळते. अर्थ, पूर्वेकडचा मुलूख. गेल्या शतकात एका क्रूर राजवटीने ‘राइश’ शब्द बदनाम केला, पण हा शब्द त्या राजवटीहून दोन हजार वर्षांपेक्षा जास्त जुना आहे आणि शेजारच्या मुलीच्या पुस्तकातल्या नकाशावर तो निष्पापपणे छापलेला आहे.

आता तिचा मूळ प्रश्न : राज्य आणि श्रीमंत हे एकाच शब्दात कसे? राजाचा तो ‘रीक्’, यापासून विशेषण झाले, ज्याचा अर्थ राजासारखा, बलाढ्य, सत्तावान. जुन्या इंग्रजीत ‘रीचे’ या शब्दाचा पहिला अर्थ हाच होता. ज्याच्याकडे सत्ता त्याच्याकडे धन, या व्यवहाराने हळूहळू बलाढ्यचा अर्थ धनाढ्य असा झाला. फ्रँक या जर्मानिक लोकांकडून तो फ्रेंचमध्ये ‘रीश’ झाला, इटालियनमध्ये ‘रिक्को’, स्पॅनिशमध्ये ‘रिको’. आणि फ्रेंचमधून पुन्हा इंग्रजीत येऊन त्याने आधीच्या शब्दाला बळ दिले. तिला हे पटवायला मला युरोपात जावे लागले नाही. मी तिला म्हटले, “आपल्याकडे ‘श्रीमंत’ कुणाला म्हणतात?” राजवाड्याकडे जाताना राजपथावर जे फलक आपण रोज वाचतो त्यांवर छत्रपतींच्या नावामागे ‘श्रीमंत’ असते, पेशव्यांच्या नावामागेही असे, आणि ज्याच्याकडे पैसा आहे तोही श्रीमंतच. एकाच शब्दात राजपद आणि धन एकत्र नांदतात आणि आपल्याला त्याचे नवल वाटत नाही.

त्याहूनही जवळचे उदाहरण ‘राव’ हे आहे. संस्कृत ‘राजन्’चे प्राकृतात ‘राय’ झाले आणि मराठीत ‘राव’. राजकुलाचे ‘राऊळ’, राजपुत्राचे ‘राऊत’, तसेच हे. पण ‘रावाचा रंक झाला’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या रावाचे सिंहासन गेले असे आपल्याला म्हणायचे नसते. त्याचा पैसा गेला, असे म्हणायचे असते. ‘रंक’ म्हणजे गरीब आणि त्याच्या उलट ‘राव’ म्हणजे श्रीमंत. संस्कृत ‘राजन्’ महाराष्ट्रात येऊन श्रीमंत झाला. त्याचा केल्टिक भाऊ इंग्लंडात जाऊन ‘रिच’ झाला. दोघांची एकमेकांशी गाठ पडलेली नव्हती. हे साम्य कोणी कोणाकडून घेतले म्हणून झालेले नाही, माणसांचे व्यवहार दोन्हीकडे सारखे होते म्हणून झालेले आहे, आणि मला तरी ते उचलेगिरीच्या गोष्टीपेक्षा फार मोठे वाटते.

‘ऋद्धी’विषयी थोडक्यात. ‘ऋध्’ धातूत ‘ध’ आहे. संस्कृत ‘ध’च्या समोर इंग्रजीत ‘ड’ येतो : ‘विधवा’ – ‘विडो’, ‘मधु’ – ‘मीड’, ‘रुधिर’ – ‘रेड’. ‘रिच’मधला ‘च’ हा जुन्या ‘क’चा झालेला आहे; तिथे ‘ध’ला जागाच नाही. अक्षरे कानाला जुळतात म्हणून शब्द जुळवायचे ठरवले, तर कोणताही शब्द कोणत्याही शब्दाला चिकटवता येतो.

लेखकांनी राजा शब्दाची ‘प्रजेचे रंजन करतो तो राजा’ ही परंपरागत व्युत्पत्तीही दिली आहे. ती आपल्या काव्यातली सुंदर कल्पना आहे आणि राजधर्म सांगण्यासाठी ती रचली गेली. तिचा मान त्याच जागी आहे. बहुतेक अभ्यासक मात्र या शब्दाचे मूळ सरळ करणे, सरळ नेणे या अर्थाच्या धातूत पाहतात. संस्कृत ‘ऋजु’, म्हणजे सरळ, हा शब्द त्याच कुळातला, आणि त्यापासून झालेला ‘उजू’ जुन्या मराठीत आहे. इंग्रजी ‘राइट’ आणि जर्मन ‘रेश्ट’ हेही तेच, आणि हे दोन मात्र जर्मानिक भाषांना घरूनच, कोणाकडून न घेता, मिळालेले आहेत. म्हणजे एकाच मुळातला एक शब्द आईकडून आला आणि दुसरा शेजारणीकडून, आणि दोन्ही एकाच वाक्यात आज इंग्रज माणूस सहज बोलून जातो.

ज्या जिल्ह्यातल्या वाईमध्ये मराठी विश्वकोशाचे काम वर्षानुवर्षे नेटाने झाले, त्या जिल्ह्यातल्या वाचकांना आपण विश्वकोशातल्या एखाद्या नोंदीइतकी काळजी घेऊन छापलेला मजकूर द्यावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. पुरवणीत पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापावी, ही विनंती. ती अशी असावी, असे मी सुचवतो : “जर्मन ‘राइश’ व इंग्रजी ‘रिच’ हे शब्द संस्कृतमधून आलेले नसून प्राचीन केल्टिक भाषेतल्या राजवाचक शब्दावरून आले आहेत, तो केल्टिक शब्द व संस्कृत ‘राजन्’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत.” ती छापून आली की मी तिचे कात्रण स्वतः नेऊन वाचनालयाच्या फलकावर आधीच्या कात्रणाशेजारी लावीन. आठवीतल्या त्या मुलीची वही मला ठाऊक नाही, पण ती दर शनिवारी दुपारी तिथे येते, असे ग्रंथपालांनी सांगितले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
सातारा